मागची चाकं वळतात

सुदुंबरे,
गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५

सौ. यशोताईंना,

अनिताचा वाकून नमस्कार. तुम्ही आणि सोपानदादा बरे असाल. इकडं सगळं ठीक. भात झोडून झालं, इंद्रायणी यंदा बरी उतरली, तुमच्या वाटणीची बाजूला काढून ठेवलीय. काळी म्हैस व्यायली, रेडी झाली. आत्याबाईंचे गुडघे दुखतात आणि तोंड चालतं, म्हणजे तब्येत उत्तम आहे.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणाल. फोनवर तुम्ही 'बोल गं' म्हणता, आपण दोघी रडायला लागतो आणि बोलायचं राहूनच जातं. भिमाजी दुधाचा टेम्पो घेऊन उद्या लोणावळ्याला येतोय, त्याच्या हाती देतेय. त्याला बजावलंय की तुमच्याच हातात द्यायचं. चिक्कीच्या दुकानात दादांकडं अजिबात नाही.

मी दादांच्याच जुन्या कंपनीत पॅकिंगला लागले, हे तुम्हाला माहीत आहे. पुढचं माहीत नाही. तिथं आता बायकांनाही फोर्कलिफ्ट, दादा चालवायचे तीच पेट्या उचलायची गाडी, शिकवायला घेतलंय. नावं मागितली तेव्हा मी माझं दिलं. ज्या गाडीनं आपल्या घराचे दोन तुकडे केले तिच्यावरच मी बसणार, हे तुम्हाला सांगायचा धीर होत नव्हता. रागवा खुशाल, पण पत्र फाडू नका, पुढं वाचा.

आधी खऱ्या गाडीला हातच लावू देत नाहीत. एका खोलीत खुर्ची ठेवलीय, तिला स्टिअरिंग आणि पायाखाली पेडल. डोळ्यांवर एक डबडं बांधतात, हेडसेट म्हणतात त्याला. ते बांधलं की खोली गायब आणि आपण थेट गोडाऊनमध्ये. रॅक, पेट्या, पिवळे पट्टे, हेल्मेट घातलेली माणसं ये-जा करतायत. पहिल्या दिवशी मी बसायच्या आधी गाडीच्या पाया पडायला वाकले. समोर चांगली उभी दिसत होती हो गाडी. हात हवेतच गेला आणि मी तोंडावर आपटता आपटता वाचले. शिकवणाऱ्या मानसी मॅडम पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, "ताई, पडा पाया, मी धरते तुम्हाला."

मला वाटलं, माहेरी मी ट्रॅक्टर चालवलेला, मला ह्या काय शिकवणार. तिथंच फसले. ट्रॅक्टरची पुढची चाकं वळतात, हिची मागची. तोंड डावीकडं वळवलं की मागचा भाग उजवीकडं झाडूसारखा फिरतो, आणि आपलं सगळं लक्ष पुढच्या पेटीवर असतं. मी वळले आणि मागून धप्प आवाज आला. बघते तर माणूस खाली पडलेला.

खोटा माणूस होता, ताई. तरी मी डबडं काढून फेकलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. मला सारखे सोपानदादाच डोळ्यांसमोर येत होते.

आता जे लिहिते ते तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही. कंपनीत आदिनाथचा पाय दादांच्या गाडीखाली गेला त्या दिवशी हॉस्पिटलात तुम्ही औषधं आणायला खाली गेला होता. (नवऱ्याचं नाव लिहिलं म्हणून आत्याबाई ओरडतील, पण 'हे' आणि 'ह्यांनी' करत बसले तर तुमचे हे कोण आणि आमचे हे कोण, काही कळायचं नाही.) दादा खाटेजवळ उभे होते आणि एकच म्हणत होते, "तू दिसलाच न्हाईस रं मला." आदिनाथ म्हणाला, "काल बैल विकायवरनं भांडलास, त्येच्याच रागानं घातलीस माज्या अंगावर."

दादा तसेच जिना उतरून गेले. मी तिथंच होते. दादा लाज वाटून गाव सोडून आले असं तुम्ही समजता. तसं नाही ते. आपण मुद्दाम गाडी घातली असं भावाला वाटतं, हे मनात घेऊन ते आले. तुम्हाला त्यांनी सांगितलं असतं तर तुम्ही येऊन आमची चांगली हजेरी घेतली असती, म्हणून मला ठाऊक आहे की ते बोललेले नाहीत.

गेल्या रविवारी कंपनीनं घरच्या माणसांना जेवायला बोलावलं होतं. हेडसेटची खोलीही उघडी ठेवली होती, ज्याला हौस असेल त्यानं बसून बघावं. आदिनाथ पिठाची गिरणी बंद ठेवून लंगडत लंगडत आला. बायको करते ते आपल्याला जमणार नाही असं कसं होईल, म्हणून बसला. "ह्यात काय, पोरांचं खेळणं हाय," म्हणाला. मानसी मॅडमना आपल्या घरातलं काही माहीत नाही. त्यांनी चालू करून दिलं.

पेटी उचलली झकास. वळला आणि धप्प.

त्याला आत जे दिसत होतं ते आम्हाला भिंतीवरच्या टीव्हीत दिसत होतं. तो खाली पडलेल्या माणसाकडंच बघत राहिला. हेडसेट काढेना. मग म्हणाला, "दिसलाच न्हाई गं त्यो." मला म्हणाला की कुणाला म्हणाला, कोण जाणे.

मॅडम म्हणाल्या, काढू का? तर म्हणाला, "परत लावा." परत लावलं की तो पडलेला माणूस उठून पुन्हा पहिल्यासारखा चालायला लागतो. आदिनाथनं किती वेळा लावायला सांगितलं ते मी मोजलं नाही. मागं रांग लागली, लोक कुरकुरायला लागले, तरी उठेना. शेवटी एकदा थांबला, हॉर्न दिला, मान वळवून मागं पाहिलं, त्या माणसाला जाऊ दिलं आणि मग गाडी वळवली. उतरला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

काल सकाळी मी गोठ्यात गेले तर हा म्हशीपुढं उभा. "दादा," म्हणतोय, "मी त्या दिवशी..." आणि पुढं गाडी सरकेना. पुन्हा "दादा." म्हैस आपली निवांत रवंथ करतेय. मला हसू येत होतं आणि डोळेही भरून आले होते. मला बघून म्हणाला, "रविवारी लोनावळ्याला जाऊन येतो."

एवढं सांगायला हा सगळा कागद खरडला. रविवारी दुपारच्या लोकलनं तो येतोय. एकटाच. मी येते म्हटलं तर नको म्हणाला. दादांना आधी कळलं तर ते मागच्या दारानं तुंगार्लीच्या तळ्याकडं सटकतील, आत्याबाई आल्या होत्या तेव्हा सटकले तसे. म्हणून त्यांना सांगू नका. रविवारी दुकानात गर्दी असते हे मलाही कळतं. तरी सुट्टी काढायला लावा. पंखा बिघडवून दुरुस्तीला बसवा, नाहीतर सरळ भांडण काढा. काहीही करा, पण घरात ठेवा.

माझी खऱ्या गाडीवरची परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे. दादांनी चार गोष्टी सांगाव्यात असं मनात फार आहे. पण ती माझी हाव झाली. आधी भाऊ भाऊ भेटू देत.

आणि एक. आदिनाथला माफी मागता येणार नाही, मी चांगली ओळखून आहे त्याला. तो आत येईल, पाय लांब करून बसेल, भिंतीकडं बघेल आणि चहा मागेल. तेवढाच मागेल. तो चहा तुम्ही करा, पण कप दादांच्या हातात द्या आणि त्यांनाच पुढं पाठवा. मग तुम्ही स्वयंपाकघरातच थांबा, आणि कितीही वेळ लागला तरी बाहेर येऊ नका.

तुमचीच, आणि अजूनही धाकटी जाऊ,
अनिता