पाटीवरचं दुसरं नाव

२१ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं, खोली उबदार आहे. आईला एवढं वाचून दाखवा आणि पुढचं एकटेच वाचा. फोनवर तुम्ही "बरं, बरं" करून विषय संपवता, म्हणून लिहितेय. दवाखान्याच्या नव्या पाटीचा फोटो पोचला.

आधी इथल्या डेंटल कॉलेजातल्या एका बाईंचं सांगते, कारण डोकं अजून तापलेलं आहे. आम्ही त्यांना आरसेबाई म्हणतो. त्यांच्या वर्गात पेशंट खुर्चीत बसला की आधी त्याच्या हातात आरसा द्यायचा. कुठला दात, काय करणार, किती दुखेल ते सांगायचं आणि तो "हो" म्हणेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. काल माझ्याकडे एक म्हातारे बसड्रायव्हर आले, चांगलेच भेदरलेले. "दुखेल का?" म्हणाले. मी अगदी तुमच्यासारखं म्हटलं, "छे हो, मुंगी चावल्यासारखं. तुम्ही फक्त आ करा." आरसा ट्रेमध्येच राहिला. तुमच्या दवाखान्यात असेच दात काढलेले बघत मी मोठी झाले, मला त्यात चूक ती काय दिसणार?

बाईंनी माझ्या हातातली सिरिंज काढून घेतली. सगळ्या वर्गासमोर मला खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर दिवा, गालात कापसाचे बोळे, आणि माझ्या डोक्यावरून मुलांशी बोलायला लागल्या. "ही दाढ काढून टाकू. हिला काय विचारायचंय?" मला बोलताही येईना. कुणीतरी फिसकन हसलं. तळपायाची आग मस्तकात गेली, बाबा. एवढ्या लांब शिकायला आले ती काय तोंडात बोळे कोंबून घ्यायला?

बोळे थुंकून मी म्हटलं, "हा अपमान आहे."

"आहेच," बाई म्हणाल्या. बस्स. वर मलाच त्या ड्रायव्हरकाकांची माफी मागायला लावली. मागितली, तर तेच बिचारे मला धीर देत बसले. बाईंवरचा राग गेलेला नाही. हे चारचौघांत न करताही सांगता आलं असतं.

पण खोलीवर आले, तो फोटो पुन्हा उघडला आणि तुमचा त्याहून जास्त राग आला. तुमच्या नावाखाली माझं नाव, ठळक अक्षरांत. आई म्हणते, माझ्यासाठी दुसरी खुर्चीही बसवलीत, शेजारीपाजारी येऊन बघून गेले. मला कळलं ते सगळं झाल्यावर. एकदा, फक्त एकदा विचारायचं होतं. पण बरोबर आहे, मुलगी घरचीच, तिला काय विचारायचंय!

बाबा, हे दुखणार आहे आणि थोडंथोडकं नाही. जूनमध्ये कोर्स संपला तरी मी परत येणार नाही, त्या खुर्चीपाशी उभी राहणार नाही. मला लहान मुलांच्या दातांचं पुढचं शिक्षण इथेच घ्यायचंय. पाटीवरचं माझं नाव पुसून टाका. कंपाउंडरकाकांना सांगू नका, तुम्ही स्वतः पुसा.

अर्ज अजून भरलेला नाही. तुमचं काय म्हणणं आहे ते कळवा, मग भरेन. "नाही" म्हणालात तरी भरेन. पण आधी तुमचं ऐकून घेईन.

तेवढं तुम्हीही करायला हवं होतंत.

तुमची मुलगी