बुवांची गिटार

१२ जानेवारी, सोमवार

डाव्या हाताची चारही बोटं तव्याला चिकटल्यासारखी झालीत. दादरच्या गिटारच्या क्लासातून आत्ता आलो. सर म्हणजे ज्युलियन, पंचविशीतला पोरगा. म्हणाला, "अंकल, सुरुवातीला सगळ्यांचंच होतं. घट्टे पडले की थांबेल." मग कालिंदीकडे वळून हळूच — "या वयात जरा जड जातं, आंटी. कीबोर्ड ट्राय करा ना."

मी बहिरा नाही. मुका आहे. हा फरक लोकांच्या लक्षात राहत नाही.

गेल्या जुलैत गळ्याचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढलं. आता मानेच्या भोकातून श्वास घेतो. बोलायचं ते पाटीवर लिहितो आणि बायको वाचून दाखवते. आज लिहिलं, "कीबोर्ड तुझ्या आजोबांना दे." कालिंदीनं वाचलं — "हे म्हणतायत, विचार करतो."

विचार कसला डोंबलाचा!

१४ जानेवारी, बुधवार

अभय तीळगूळ घेऊन आला. इतकी वर्षं माझ्यामागे कोरसला बसायचा. आता भजनी मंडळाचा बुवा तोच. चांगला गातो, नाही म्हणत नाही.

मंडळ माझा सत्कार करणार म्हणे. रामनवमीला, भोईवाड्याच्या देवळात. शाल, नारळ, मानपत्र. "बुवा, डबलबारीत तुमच्यासमोर बसायला भलेभले टरकायचे, हे नव्या पोरांना कळायला पाहिजे."

टरकायचे. म्हणजे संपलं. समोरच्या बुवानं टाकलेला सवाल मी रात्र-रात्र गाऊन फेडलाय, परळपासून वरळीपर्यंत. आणि हे मला नारळ देऊन घरी बसवणार.

कोपऱ्यातली गिटार बघून म्हणाला, "त्यापेक्षा पेटी घ्या ना. हात बसलेलाच आहे."

बसलेला आहे, म्हणूनच नको. पेटीवर बोट ठेवलं की आत गाणं उठतं आणि येऊन भोकाशी अडतं. जुन्यात पांगळा होऊन मला बसायचं नाही. नव्यात कच्चा असलो तरी चालेल. गिटार भाचा राहुल कॅनडाला जाताना माळ्यावर टाकून गेला होता. मीच काढली, मीच पुसली.

पाटीवर लिहिलं, "सत्कार मी मेल्यावर करा." कालिंदीनं वाचलं — "रामनवमीला अजून वेळ आहे, बघू म्हणतायत."

अभय गेल्यावर लिहिलं, "जे लिहितो तेच वाचत जा." ती म्हणाली, "मग वाचण्यासारखां लिवा."

१५ जानेवारी

एफ नावाची कॉर्ड, म्हणजे सुरांची जुळणी. तर्जनी आडवी टाकून सगळ्या तारा दाबायच्या. तारा दबत नाहीत, बोट दबतं.

१८ जानेवारी, रविवार

आज एक सापडलं.

मोबाइलच्या ॲपवर सगळ्या तारा लावल्या. हिरवा दिवा लागला — म्हणजे सूर बरोबर. पण सीची कॉर्ड धरली की कानाला टोचतं. परत लावल्या. परत हिरवा. परत टोचलं. मग एकेक तार धरून बघितली. मोकळी वाजवली तर सुरात, पहिल्या घरात दाबली की चढी. थोडीशीच. पण चढी!

तार लाकडापासून इतकी वर आहे की दाबता दाबता ताणली जाते. ताणली की सूर चढणारच. म्हणजे बोटं म्हातारी झालेली नाहीत. वाद्य वाकडं आहे.

कालिंदीला लिहून दाखवलं. तिनं माझी बोटं उलटी करून बघितली, हळद लावली.

गळा गेला. कान शाबूत आहे.

१९ जानेवारी, सोमवार

क्लास. पाटीवर लिहूनच नेलं होतं — "गिटार बेसूर आहे." ज्युलियननं ॲप लावलं. हिरवा. "परफेक्ट आहे, अंकल."

मी गिटार त्याच्या मांडीवर ठेवली आणि समोर हाताची घडी घालून उभा राहिलो. बाकीची पोरं बघायला लागली. त्यानं सी धरला, एफ धरला. चेहरा बदलला. परत धरला. बोटं झटकली.

"ही तर खूपच हाय आहे," म्हणाला. "सॉरी अंकल. मी ही कधी वाजवूनच बघितली नाही."

लिहिलं, "आता कीबोर्ड कुणाला?" कालिंदीनं वाचलं — "आता काय करायचं, विचारतायत."

त्यानं गिरगावातल्या केझियाचा पत्ता दिला. गिटारी नीट करून देते. त्याचीही तीच करते. पोरगा वाईट नाही. चूक कबूल केली. आमच्या वेळच्या बुवांनी नसती केली.

२४ जानेवारी, शनिवार

गिरगाव. जुनं लाकडी घर, पुढच्या व्हरांड्यातच टेबल, कानशी, चिमटे, भिंतीवर उघड्यावाघड्या गिटारी. केझिया चाळिशीची असेल. पूर्वी आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायची म्हणे. मराठी आपल्यासारखीच, फक्त हेल वेगळा.

कालिंदी सांगायला लागली — ऑपरेशन, डॉक्टर, जुलै. केझियानं मधेच थांबवलं. "ते नंतर, काकी. आधी काकांना वाजवू द्या."

वाजवलं. ती गिटारकडे बघत नव्हती, माझ्या हाताकडे बघत होती. मग टेबलावरची चावी उचलून तारांखाली सरकवली. सहज गेली आत.

"माळ्यावर होती ना? उन्हाळे खाल्लेत हिनं. मान पुढे वाकलीय. वरची खाचांची पट्टी आधीपासूनच उंच आहे, कारखान्यातून आली तशीच. आणि तारा जाड. यावर मीसुद्धा शिकले नसते."

मी कालिंदीकडे बघितलं. तिनं दुसरीकडे बघितलं.

मानेच्या आत लोखंडी सळई असते. तिला किल्ली लावून केझियानं थोडी पिळली. मान सरळ झाली — डोळ्यांदेखत. मग वरच्या पट्टीच्या खाचा घासायच्या, खालची हाडाची पट्टी उतरवायची. मला म्हणाली, "आता धूळ उडेल. तुम्ही आत बसा, काका. तुमच्या मानेला..."

झालं. पुन्हा पेशंट. मी पाटीवर लिहिलं, इतकं दाबून की पेन्सिल चिरकली — "गिटार माझी. मी इथेच बसणार."

कालिंदी वाचायला लागली, "ते म्हणतात, काही हरकत..." पण केझियानं पाटी स्वतःच वाचली होती. तिनं टेबल एका बाजूनं धरून फरफटत खाली अंगणात नेलं, धूळ माझ्याकडे येणार नाही अशा बाजूला. परत येऊन म्हणाली, "बसा तिथेच. मी लांब जाते."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला न हलवता कुणीतरी स्वतः हललं.

तिनं नव्या बारीक तारा चढवल्या. सी धरला. बोट टेकवलं न टेकवलं तोच वाजला! सुरात. कान टवकारून ऐकला. कुठेही चढलेला नाही.

तारा मी अजून खाली घ्यायला लावल्या. "खरखरेल," ती म्हणाली. मी बोटानं खूण केली — खाली. घेतल्या तिनं.

२५ जानेवारी

खरखरतेय.

३१ जानेवारी, शनिवार

परत गिरगाव. केझियानं "सांगितलं होतं" असं म्हटलं नाही. खालच्या पट्टीखाली लाकडाचा पातळ कपटा सारला, तारा केसभर वर आल्या. मग म्हणाली, "थोडी चूक माझी, बाकी तुमच्या उजव्या हाताची. काका, तुम्ही गिटार वाजवत नाही, टाळ कुटताय."

हसलो. हसण्याचा आवाज येत नाही, नुसता वारा येतो. तीही हसली. कालिंदी तर पदर तोंडाला लावून.

१६ फेब्रुवारी, सोमवार

एफ वाजला. क्लासातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांना हातानंच गप्प केलं. एफ आहे तो, एव्हरेस्ट नाही.

पण डिलाईल रोडवरून चालत घरी येताना मान ताठ होती. भोकावरचं फडकं सैल झालं तरी नीट केलं नाही. बघू देत ज्यांना बघायचंय त्यांना.

२२ फेब्रुवारी, रविवार

अभय मंडळाच्या दोघांना घेऊन आला. मानपत्राचा मजकूर वाचायला आणला होता. "आपल्या पहाडी आवाजाने..." इथपर्यंत वाचू दिलं.

पाटीवर लिहिलं, "सत्कार नको. गवळण वाजवायला वेळ द्या."

कालिंदीनं या वेळी काही फिरवलं नाही. जसंच्या तसं वाचलं. अभय म्हणाला, "बुवा, गिटारवर गवळण? लोक हसतील."

लिहिलं, "हसू देत. मी पण बघेन कोण कोण हसतं ते."

"आणि गाणार कोण?"

लिहिलं, "नुसती वाजवेन." अभय म्हणाला, "बसा तर मग, बुवा. तुमचा वेळ तुमचा." पाया पडून गेला. मानपत्र तो विसरला की मुद्दाम ठेवून गेला, कोण जाणे. कालिंदीनं डब्याखाली घातलंय.

८ मार्च, रविवार

सकाळी गवळणीची चाल धरून बसलो होतो. सी, एफ, जी, परत सी. शब्द मनातल्या मनात. कालिंदी मेथी निवडत होती. मधेच मनातले शब्द मला बाहेर ऐकू आले. हात थांबवला नाही. थांबवला असता तर तीही थांबली असती. अख्खं कडवं गायली. सुरात. एक जागा तर माझ्यापेक्षा साफ घेतली.

मग मेथीवरची नजर न उचलता म्हणाली, "अहो, ह्यां माका खालचा पडता. जरा वर घेवा."

इतक्या वर्षांच्या संसारात तिची पट्टी कुठली, मला माहीत नाही. आता शोधतोय. रामनवमीला बुवा ती. मी साथीला.