फरशी बुडायच्या आत

चि. सिंधू,

तुझ्या सासूबाईंच्या पत्राला मी महिनाभर उत्तर दिलं नाही. "पहिलं बाळंतपण माहेरी हे खरं, पण निघोज्याला पूर आला तर डॉक्टर पोहत येणार का?" असं त्यांनी विचारलं होतं. रीत मोडायला मन धजेना. चार मसुदे फाडले. सकाळी नदी चढलेली पाहून तुझी आई म्हणाली, "अहो, रीतीला कळा येत नाहीत."

तुझी झोप मोडवेना, म्हणून ही चिठ्ठी उशाशी ठेवतो. धर्माजीची बैलगाडी आणायला जातो. फरशी पुलावर पाणी येण्याआधी चिंचवडला, तुझ्या सासरी निघू. तिथे दवाखाना जवळ आहे. आई रतनबाई सुईणीला आणायला गेली आहे, रतनबाई गाडीत सोबत बसेल.

"सिंधूला घेऊन येतो," असं कार्ड आत्ताच पेटीत टाकून आलो. बहुधा आपणच त्याच्या आधी पोचू.

तात्या