चपलांची रांग

१२ जानेवारी
कुसगावचा दवाखाना, पहिला दिवस. काम: रांगेचे फोटो काढायचे आणि त्यावरून डॉक्टरबाईंना नवी पद्धत सुचवायची. त्यांच्या मनात टोकन मशीन. दारात चपलांचा हा पसारा, माणसं लांब झाडाखाली गप्पा मारत. फोटो नीटनेटका यावा म्हणून मी चपला भिंतीकडे सरकवल्या. झालं! चपला म्हणजेच रांग होती. असा गलका उठला की...
मदतनीस हौसामावशी बाहेर आल्या. "सरका समदी." कुणालाही न विचारता एकेक जोड पुन्हा ओळीत मांडला. एकाचीही तक्रार नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बाई थोर!

१३ जानेवारी
आज कॅमेरा फक्त चपलांवर. दर पाच मिनिटांनी एक फोटो, चौकट तीच. घरी येऊन ओळीनं लावले तर एक छोटी गुलाबी चप्पल दर फोटोत पुढे सरकलेली. ती तापानं फणफणलेल्या एका पोरीची. मावशी पुढच्याला हळूच विचारत आणि पायानं चप्पल सरकवत. आम्ही दोन वर्षं डिझाइनच्या कॉलेजात हेच शिकलो, पण इतकं सुंदर कुणी करून दाखवलं नाही.
मशीन आलं की मावशींना कामावरून कमी करणार, असं कंपाउंडर म्हणाला.

१६ जाने.
मशीनची रंगीत तालीम. पुठ्ठ्याच्या खोक्याचं खोटं मशीन, कागदी टोकनं, गावकरी खोटे पेशंट. शेजारच्या कुरवंडे गावचे आबा टोपी सारखी करून ताठ उभे. जरा आजारी दिसा म्हटलं तर, "फोटू काढताय न्हवं? मग रडकं थोबाड कशाला?" हसून पुरेवाट.
मावशींनी टोकन उलटसुलट पाहिलं. "ताई, ह्या डब्याला ताप कळतो व्हय?"
प्रश्न तसाच वहीत लिहून घेतला. त्या नादात फोटो काढायचा राहिला.

१९ जाने.
डॉ.बाईंना दोन फोटोपट्ट्या दाखवल्या. वर खोकं, खाली गुलाबी चप्पल. गुलाबी चपलेवरून एकेका फोटोत बोट फिरवत गेल्या. "हे रोज माझ्या दारात चालतं?" मग, "पण मावशी रजेवर गेल्या तर?" तेही खरंच. मी म्हटलं, टोकन असू दे, पण मावशींच्या हातात. दवाखान्याच्या विश्वस्तांना विचारते म्हणाल्या, आणि फोटो लगेच त्यांना पाठवले.
बाहेर मावशींना तेच फोटो दाखवले. चष्मा लावून एकेक पाहिला.
"लय ब्येस. पर ह्यात मी कुटं हाय?"
पुन्हा सगळे चाळले. कुठे हात, कुठे पाऊल, कुठे पदराचं टोक. चेहरा एकाही फोटोत नाही. आणि हेच फोटो विश्वस्तांकडे गेलेत; त्यांची बैठक सोमवारी.