ताट माझ्याच हातात होतं

लातूर, रविवार संध्याकाळ

काल लोह्याहून आल्यावर लिहिलं की शाळेच्या मेळाव्यात हळदी-कुंकवाचं ताट सुरेखाच्या हातात होतं. खोटं आहे. ताट माझ्याकडं होतं, सुरेखा नुसती मागं उभी होती. लहानपणी घरी शिकवताना आई खोडरबर द्यायची नाही. चूक राहू दे, शेजारी बरोबर लिही म्हणायची. म्हणून ते पान तसंच ठेवलंय.

दहावीला दहा वर्षं झाली म्हणून सगळे जमलो. मुलांना स्मृतिचिन्ह आणि मुलींना हळदी-कुंकू, ब्लाऊजपीस, हे कुणी ठरवलं कोण जाणे. मीही निमूट ओळीनं लावत गेले. मंगलपाशी आले आणि बोट थांबलं. तिचा नवरा जाऊन दीड वर्ष झालंय. पाच वर्षं एका बाकावर बसलो आम्ही, आणि माझं बोट थांबलं.

तीच म्हणाली, "जाय की पुढं, लाईन थांबून राहिली."

मागून सुरेखा, "हाव, चल लवकर, जेवण थंड व्हायलंय."

मी गेले पुढं. तिचा ब्लाऊजपीसही ताटातच राहिला.

आज ग्रुपवर सगळे 'लई भारी कार्यक्रम' म्हणून फोटो टाकायलेत आणि मला वैताग आलाय. त्यांचा कमी, माझा जास्त. ऑफिसात एक सही चुकली तर चारदा माफी मागते, इथं साधा फोन नाही केला. पण फोनवर काय सांगणार? समोर बसून मी चुकले म्हणायचं. कुंकू लावून घ्यायचं की नाही, ते तिनं ठरवावं, मी कोण?

रजेचा अर्ज लिहिलाय. गुरुवारी सकाळी उमरीला मंगलच्या घरी जाणार.