कोण कुणाला वाचवत होती

प्रिय बारके,

सात वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. हे निवृत्त झाले आणि सध्या घरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवतात. मिठाच्या डब्यावर ‘साखर’ अशी चिठ्ठी लागली त्या दिवशीचा चहा आम्ही दोघांनी मुकाट्याने ओतून दिला. माझे गुडघे कुरकुरतात. आपल्या दोघींची नावं एकच, म्हणून भाषांतराच्या कचेरीने मला थोरली आणि तुला बारकी केलं होतं. आता बारकी नाही, तरी मी थोरलीच राहिले आहे. तुझ्या टेबलावर एक मुलगा बसतो. हुशार आहे, पण पेन्सिल वापरत नाही, सगळं पडद्यावरच तपासतो. तुझ्यासारखं कागद उजेडाकडे धरून, ओठ हलवत वाचणारं आता कुणी नाही.

परवा कपाट आवरताना बाईंच्या रशियनच्या वर्गातली वही सापडली. आठवतं का, पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर सहा विभक्त्या लिहिल्या होत्या आणि मागच्या बाकावरच्या वकिलांनी विचारलं होतं की आपल्याकडे विभक्त्या आठ आणि त्यांच्याकडे सहाच, म्हणजे त्यांच्या घरात भांडणं कमी होतात का. बाई हसल्या नव्हत्या. म्हणाल्या, रशियन शब्द शेपटीवरून ओळखायचा. कोण करतो, कुणाला करतो, कशाने करतो, सगळं शेपटीत. मग शब्द पुढे ठेवा, मागे ठेवा, अर्थ जागचा हलत नाही. तू मला हळूच म्हणाली होतीस, हे तर आपल्यासारखंच आहे. खरंच होतं ते. आपल्याला ‘मला थंडी वाजते’, ‘मला आवडतं’ म्हणायची सवय, रशियनही तिथे तसंच ‘मला’ म्हणतं, म्हणून आपण दोघी बाकीच्यांच्या पुढे गेलो. तू माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आणि तरी माझ्या पुढे. मला त्याचा हेवा वाटायचा, हे आज सांगून टाकते.

आणि मग बाईंनी तो अपवाद सांगितला होता. बहीण, भाऊ, बाप, सगळ्यांची शेपटी बदलते. पण ‘मात’ म्हणजे आई आणि ‘दोच’ म्हणजे मुलगी, हे दोन शब्द कर्ता झाले काय आणि कर्म झाले काय, तसेच राहतात. या दोघी एका वाक्यात समोरासमोर आल्या तर कुणी कुणाचं काय केलं हे नुसत्या शब्दांवरून कळत नाही, क्रम बघायचा आणि बोलणाऱ्याचा सूर ऐकायचा. आपण वहीत चौकट करून ठेवली आणि वीस वर्षं तिचा काही उपयोग झाला नाही.

तो जबाब आला तेव्हाची गोष्ट तुला विसरता आली नसेल. तलावात बोट उलटली होती. आठ माणसं होती, सात वाचली, अकरा वर्षांची एक मुलगी गेली. काठावर पंपघराचं काम करायला आलेला परदेशी वेल्डर होता, त्याने सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं आणि त्याला रशियनखेरीज काही येत नव्हतं. चौकशी अधिकाऱ्याने कचेरीतून लिहून नेलेले रशियन प्रश्न वाचून दाखवत त्याचं बोलणं रेकॉर्ड केलं, बाहेरच्या एका टंकलेखिकेने ते रशियनमध्ये उतरवलं आणि तो कागद माझ्याकडे आला. भाषांतर मी करायचं, तपासून सही तू करायची. कागदावर मधोमध ते वाक्य होतं, तीन शब्दांचं. दोच स्पासाला मात. मधला शब्द म्हणजे ‘वाचवत होती’. पुढे टंकलेखिकेने टिंबं टाकली होती, ऐकू न आलेल्या बोलण्यासाठी.

मुलीची आई त्या दिवशी बाहेर बाकावर बसली होती. डोक्याला मार लागलेला, एका बाजूचे केस काढलेले, अपघाताचं काहीएक आठवत नव्हतं. शिपायाला तिने पाण्याची जागा तीनदा विचारली आणि तीनदा विसरली. मी तिच्यासाठी पेला भरून नेला. तिने तो घेतला नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, “मी तिचा हात सोडला का हो? तुम्ही वाचलंय ना, सांगा.”

मी आत येऊन लिहिलं, ‘मुलीला आई वाचवत होती.’

रशियन तीन शब्दांत दोन्ही अर्थ मावतात, मराठीत मावत नाहीत. आपल्याला ‘ला’ कुणाला तरी लावावाच लागतो. मी तो मुलीला लावला. तू कागद उजेडाकडे धरलास आणि समासात पेन्सिलने लिहिलंस, ‘क्रम पाहावा.’ मग आपण जेवणाच्या सुट्टीभर वाद घातला. तू म्हणत होतीस, मुलगी आधी आली आहे, तीच कर्ता. मी म्हणत होते, रशियनमध्ये माहीत असलेलं आधी येतं आणि नवं शेवटी. अधिकाऱ्याने विचारलं होतं, मुलीचं काय झालं? म्हणजे मुलगी माहीत, आई ही नवी गोष्ट. व्याकरणाच्या दृष्टीने माझं म्हणणं चूक नव्हतं, तुलाही ते खोडता येईना. डबे बंद करताना तू एवढंच म्हणालीस, “ताई, वाक्यात बसतं म्हणून ते खरं असतं असं नाही.” आणि तरी सही केलीस, कारण मी तुझी ताई होते. पेन्सिलची ओळ मी तुझ्यासमोरच पुसली. चार महिन्यांनी तू शाळेत नोकरी धरलीस. निरोपाच्या दिवशी सगळ्यांना सांगितलंस की मुलांना शिकवायची फार दिवसांची इच्छा होती. मी टाळ्या वाजवल्या. खरं कारण मला ठाऊक होतं.

आता पुढचं ऐक. तीन आठवड्यांपूर्वी ती आई कचेरीत आली. मी ओळखलं नाही. केस पुन्हा वाढलेले, पाठीवर जाड वेणी, हातात शिवणाच्या दुकानाची पिशवी. तिने आपल्या दोघींचं ते भाषांतर पुढ्यात ठेवलं, घड्यांवर चिकटपट्ट्या लावलेलं. म्हणाली, या कागदावर मी बरीच वर्षं काढली. रात्रंदिवस जवळ ठेवला. लोकही मान द्यायचे. मुलीच्या शाळेने व्हरांड्यात पाटी लावली आहे, मुलीसाठी पाण्यात झुंजलेल्या आईची. दरवर्षी तिला बोलावून हार घालतात. मला बरं वाटलं, बारके. क्षणभर वाटलं की आपण केलं ते काही वाईट नव्हतं.

मग ती म्हणाली की गेल्या वर्षापासून थोडं थोडं आठवू लागलं आहे. आधी नुसता पाण्याचा रंग. मग नाकातोंडात जाणारं पाणी. मग वेणीला बसलेला हिसका, कुणीतरी वेणी धरून काठाकडे ओढत होतं. डॉक्टर म्हणाले, असं आठवणं भरवशाचं नसतं. म्हणून तिने स्वतःच एक साधा विचार केला, जो आपल्यापैकी कुणीच केला नव्हता.

“मला पोहता येत नाही,” ती म्हणाली. “कधीच येत नव्हतं. ती शिकली होती, आदल्या उन्हाळ्यात. तुमच्या कागदात मी पोहले.”

मी म्हटलं, त्या वाक्याचे दोन अर्थ होतात. ती म्हणाली, होत असतील. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसवेना. म्हणाली, तुम्ही माझ्यासाठी केलं असेल. पण अकरा वर्षांच्या आयुष्यात तिने एवढी एक मोठी गोष्ट केली आणि ती माझ्या नावावर लागली. हार मी घेतले. तिचं तिला परत द्या.

तिनेच अर्ज केला. जुनं रेकॉर्डिंग चौकशीच्या दप्तरात होतं, गेल्या गुरुवारी ते काढलं. नवा अधिकारी, ती आणि मी, एका टेबलाभोवती. वेल्डरचा आवाज आला, धापा टाकणारा. मी वाक्यामागून वाक्य मराठीत सांगत गेले. ते वाक्य आलं. कागदावर ज्याचा कीस पाडला त्या वाक्यात ऐकताना कसलीच शंका नव्हती. त्याने ‘दोच’वर असा जोर दिला होता की आपण बोट दाखवून म्हणतो ना, ही, ही बघा, तसा. आणि जिथे टिंबं होती तिथे पुटपुटल्यासारखे तीनच शब्द होते, कान देऊन ऐकले की लागणारे. मी सांगितलं, “मुलगी आईला वाचवत होती. एवढीशी, पण ओढतेय.”

तिने ते पुन्हा लावायला सांगितलं. मग विचारलं, यातला ‘मुलगी’ कोणता शब्द? मी म्हटलं, दोच. तिने तो दोन-तीनदा म्हणून पाहिला, उच्चार नीट होईपर्यंत. मग डोळे पुसले, पिशवी उचलली आणि शाळेत जाऊन येते म्हणाली, पाटी बदलायला सांगायचं होतं.

एवढंच असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं, तुझंच खरं निघालं असं फोनवरच सांगितलं असतं. पण ते रेकॉर्डिंग मी गुरुवारी पहिल्यांदा ऐकलं नाही. त्या वेळी कागदाबरोबर तेही माझ्याकडे आलं होतं, तपासनिसाला ते द्यायची पद्धत नव्हती. तुझ्याशी वाद घालायच्या आधी, सकाळीच, मी ते दोनदा ऐकलं होतं. ‘एवढीशी, पण ओढतेय’ मला तेव्हाच स्पष्ट लागलं होतं. त्या बाईचा प्रश्न कानात होता, म्हणून मी टिंबं तशीच राहू दिली, आणि जेवणाच्या सुट्टीभर तुला व्याकरण शिकवलं. तू स्वतःच्या कानावर, अभ्यासावर शंका घेत कचेरी सोडलीस आणि मी ती घेऊ दिली. हे सगळं मी काल अधिकाऱ्याला लिहून दिलं आहे, तुझी पेन्सिलची ओळ आणि ती कुणी पुसली तेही. कागदावर तुझी सही आहे, म्हणून येत्या आठवड्यात तुला बोलावणं येईल. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू म्हणशील, आम्ही दोघींनी मिळून ठरवलं होतं. तसं म्हणू नकोस. तेव्हा तू मला सांभाळून घेतलंस, या वेळी घेऊ नकोस.

तुझीच,
ताई