पार्वतीचे डोळे

हट्टा, माघ वद्य, सोमवार, १९३८

आज पार्वतीचे डोळे जमले एकदाचे. देवळाच्या भिंतीवरचं बाकी चित्र कधीच झालं होतं, पण डोळे? बाजारातल्या तसबिरीसारखे टपोरे, समोर रोखलेले काढले होते. गावाला आवडले. मलाच काहून खटकत होते कोण जाणे. सकाळी सरळ पुसून टाकले. पुजारी चिडले, "शिवरात्र तोंडावर आली अन् हे काय करून राहिला?"

मग आठवलं. लहानपणी औंढ्याला आई नागनाथापुढं जप करत बसायची. मी तिच्या मांडीवर पडून वर बघायचो. मला देव दिसायचा नाही, तिचे अर्धे मिटलेले डोळे दिसायचे. तेच काढले. हात एकदाही अडला नाही.

संध्याकाळी आई दिवा लावायला आली. कितीतरी वेळ भिंतीकडं बघत राहिली.

"कोणाला पाहून काढलीस रे?"

"तुलाच."

"अगं माय! मग आता मी माझ्याच पाया पडू व्हय?"

हसू आवरेना तिला. तरी पदर डोक्यावर घेऊन नमस्कार केलाच. निघताना म्हणाली, "नथ तेवढी पुसून टाक. माझ्या नाकात कवा होती?"

नाही पुसली. नथ राहू दे.